साताच्या आत

आमच्या घरात माझ्या बहिणीला तब्येत कशी आहे असं कुणी विचारत नाही. "किती आला?" एवढंच विचारतात. आला म्हणजे आकडा, रक्त तपासून लॅबवाले देतात तो, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी. ताई दुसरीत असताना तिला मधुमेह झाला. तेव्हापासून ती इन्सुलिनवर जगते आणि आई त्या आकड्यावर. साताच्या आत आला की आई शेजारपाजारी सांगत सुटते. वर गेला की तोंडातून शब्द नाही, नुसती भांडी आपटतात. मला त्या आकड्याचा मनस्वी राग आहे.

आमचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. पंक्चर, ब्रेक, चेन माझ्याकडे. चाकाचा आउट काढणं ताईकडे. चाक स्टँडवर फिरवायचं, नजर रिमवर ठेवायची आणि जिथे ते डुगडुगतं तिथली तार चावीने जराशी आवळायची. गिऱ्हाइकं तिच्यासाठी थांबून राहतात. मला कुणी हिंग लावून विचारत नाही.

मध्यंतरी बरेच महिने ताईचा आकडा साताच्या आत होता. आईचे पाय जमिनीवर नव्हते. आणि एक दिवस ताईने दिलेलं चाक ब्रेकला घासतं म्हणून परत आलं. मग आणखी एक.

"डोळ्यांसमोर काळे धागे येतात रे," ती म्हणाली. इतक्या सहज, की मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. आत, पडद्यावर रक्त उतरलं होतं.

"असं कसं? साताच्या आत आहे तिची!" आई उसळलीच.

"ती सरासरी झाली," बाई म्हणाल्या. "रोजची किती असते?"

ताईने मान खाली घालून साखर मोजायचा मीटर पुढे केला. पन्नास, तीनशे दहा, पंचेचाळीस. आईला आकडा चांगला दिसावा म्हणून ती जास्तीचं इन्सुलिन घ्यायची. साखर तळाला गेली, हात थरथरायला लागले, की मूठभर साखर तोंडात टाकायची. मग रक्तातली साखर आभाळाला भिडायची. दोन्हींची मिळून सरासरी मात्र झकास!

"लेझर करू," बाई म्हणाल्या. "पण हे खाली-वर थांबलं नाही तर नजर जाईल. तूर्त आठ आला तरी चालेल, साखर तळाला जाता कामा नये." आईनेही हे ऐकलं. मान डोलावून ऐकलं.

पुढचा आकडा आठच्या थोडा वर आला. डोळ्यात नवं रक्त नव्हतं, बाई खूश होत्या. आईने रिपोर्ट पाहिला, "बरं," म्हणाली आणि आत गेली. लगेच भांडी आपटायला लागली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, दुकानाच्या मागच्या खोलीत, ताई इन्सुलिनच्या पेनचा आकडा ठरलेल्या डोसच्या पुढे फिरवताना मला दिसली. मी पेन हिसकावून घेतलं.

"आंधळी व्हायचंय का तुला?" मी ओरडलो.

"आईचं तोंड बघवत नाही रे."

"मग बघू नकोस ना!"

"नीट दिसत नाहीच आता," ती म्हणाली. "पण पडलेलं असलं की कळतं."

पेन जप्त करायचीही सोय नव्हती, त्याच्याशिवाय तिला घासही खाता येत नाही. मी आकडा मागे फिरवला आणि पेन तिच्या हातात दिलं.