साबुदाण्याएवढं तळं

आमच्या ह्यांनी तो नकाशा रद्दीच्या दुकानातून आणला. संस्थान विलीन झालं तेव्हा कचेऱ्यांतली बरीच जुनी दप्तरं बाहेर पडली आणि त्यातलं पुष्कळसं वाण्याच्या पुड्यांना लागलं. हा नकाशा कापडावर चिकटवलेला असल्यामुळे पुडीच्या कामाचा नव्हता, म्हणून वाचला. इंग्रजी अमदानीतली मोजणी, एक इंच म्हणजे एक मैल. हे हायस्कुलात भूगोल शिकवत. पगाराच्या दिवशी दुसरे लोक मिठाई आणतात, हे नकाशे आणत.

त्या वर्षी आम्ही मंगळवार पेठेच्या टोकाला घरासाठी जागा घेतली होती. आराखडा तयार होता. मागं स्वयंपाकघर, मध्ये दोन खोल्या आणि पुढं रस्त्याच्या अंगाला भरपूर उजेडाची एक खोली, खास ह्यांच्या नकाशांसाठी. भाड्याच्या घरात नकाशांची भेंडोळी पलंगाखाली आणि पिठाच्या डब्यांमागे राहत होती. त्या खोलीपायी हे वर्षभर माझ्याशी विशेष गोड बोलत होते.

मिस्त्री पाया आखायला येणार, त्याच्या आधीच्या आठवड्यात हे भिंग घेऊन नकाशावर वाकले ते बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग म्हणाले, "आपल्या जागेत तळं आहे."

"कालपर्यंत नव्हतं," मी म्हणाले.

"आता नाही. होतं. कुणीतरी बुजवलंय."

हे मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. कोल्हापुरात तळी बुजवून त्यावर वस्ती झालेली मी पाहिली होती, आणि भरावावरच्या भिंती कशा फाटतात तेही. पण नकाशात ते तळं साबुदाण्याएवढं. पेन्सिलीचं टोक टेकवलं की आमची जागा, शेजाऱ्यांची घरं आणि मधला रस्ता, सगळं त्याखाली गडप. तिथं तळं होतं एवढं नकाशा सांगत होता, कुणाच्या अंगणात ते सांगत नव्हता. मी कामं ठरवून टाकली. आधी तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचं, मग खड्डे घेऊन बघायचं, तोवर मिस्त्रीला थांबवायचं.

रविवारी आम्ही गेलो. ह्यांच्या डोक्यावर सोला हॅट, हातात उलगडलेला नकाशा, काखेत शाळेची मोजपट्टी. मी मागून छत्री आणि वही घेऊन. आम्ही कसे दिसत असू, हे तेव्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

पहिल्याच घराच्या कट्ट्यावर एक आजोबा बसले होते. ह्यांनी तळ्याचं विचारलं. आजोबांनी हॅटकडे पाहिलं, नकाशाकडे पाहिलं, माझ्या वहीकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"हुतं की तळं. पर हिकडं न्हाय. त्या समोरच्या घराखाली."

आम्ही रस्ता ओलांडला. समोरच्या मावशी म्हशीखाली बसल्या होत्या. आम्हाला बघून उठल्या आणि न विचारता धारोष्ण दुधाचा पेला ह्यांच्या हातात दिला.

"म्हाताऱ्याचं काय ऐकतासा सायेब. त्याच्याच परड्यात हुतं. आमचं जोतं जुनं हाय, पक्क्या जमिनीवर. लिवून घ्या बाई."

मी लिहून घेतलं. तिसऱ्या घरी चहा झाला आणि तळं पुन्हा पलीकडे गेलं. दुपारपर्यंत ते इतक्या वेळा रस्ता ओलांडून गेलं, की त्याला पाय नाहीत यावर माझा विश्वास बसेना. हे मात्र खुशीत होते. एवढं आदरातिथ्य त्यांना शाळा-तपासणीच्या दिवशीही मिळालं नव्हतं. "लोकांना इतिहासाची आवड आहे," ते मला म्हणाले.

शेवटी आजोबांनीच आम्हाला परत हाक मारली. आवाज त्यांच्या परीनं खाली आणला होता, म्हणजे कोपऱ्यापर्यंतच ऐकू गेला. "सायेब, रस्ता कुठल्या अंगानं रुंद करणार ते तेवढं सांगा. तळ्याच्या अंगानंच न्हवं?"

आता सगळा उलगडा झाला. हॅट, मोजपट्टी आणि वही म्हणजे नगरपालिका आली. बुजवलेली जमीन सरकारची, तिथूनच रस्ता निघणार, असा गल्लीचा हिशेब होता. मग तळं आपल्या दारात कोण ठेवून घेईल? मी सांगितलं, हे मास्तर आहेत, ती मोकळी जागा आमची आहे, आम्ही घर बांधतोय.

आजोबांनी कपाळावर हात मारला. "आत्ता गं बया. मग आधी सांगायचं की ओ. तळं तुमच्याच जागंत हाय. मी पवायला तिथंच शिकलोय."

"आमची म्हसरं डुंबायची तिथं," मावशी पलीकडून ओरडल्या. "आन् मास्तर, दूध गोड लागलं न्हवं?"

बघता बघता अख्खी गल्ली गोळा झाली आणि तळं सर्वानुमते आमच्या पदरात पडलं.

खड्डे घेतले तेव्हा गल्ली बरोबर निघाली, पण अर्धीच. मागच्या खड्ड्यात हातभरावर पक्का मुरूम लागला. मधल्या खड्ड्यात घडीव दगडाची पायरी लागली, घाटाची असावी. पुढच्या खड्ड्यात काळा गाळ आणि गोगलगाईंचे शंख. तो गाळ संपतच नव्हता. माझं स्वयंपाकघर जमिनीवर होतं. ह्यांची खोली तळ्यात होती.

"पाया खोल घेतला तर?" ह्यांनी मिस्त्रीला विचारलं.

"घेऊ की मास्तर. किती खोल, ते तळ्याला इचारून सांगतो."

हे हसले, पण थोडंच. मी म्हणाले, घर मागं सरकवू, स्वयंपाकघर जरा लहान करू, कोपऱ्यात तुमचं टेबल मावेल. घरी येऊन त्यांनी आराखडा पसरला, खड्ड्यातून वेचून आणलेल्या शंखांचं पुडकं त्याच्या एका कोपऱ्यावर वजन म्हणून ठेवलं आणि खोडरबरानं स्वतःची खोली नीट, कडेकडेनं पुसून काढली. स्वयंपाकघराला हात लावला नाही. मग त्याच पेन्सिलीनं मोकळ्या जागेत तळ्याचा काठ काढायला बसले. त्याच्यासाठी मात्र त्यांना पुष्कळ जागा लागली.

"मधल्या खोलीतली एक भिंत मला दे," काठ काढून झाल्यावर ते म्हणाले.

मी दिली. तो कापडी नकाशा आता तिथं टांगलेला असतो. जेवायची पानं आम्ही त्याच भिंतीखाली मांडतो. नवा पाहुणा पहिला घास घेतो न घेतो, तोच हे त्याला नकाशातल्या त्या साबुदाण्याएवढ्या ठिपक्यापाशी नेऊन उभं करतात, आणि मी आमटी पुन्हा गरम करायला ठेवते.