बोट ठेवा, सर!

यातलं किती मला नीट आठवतं आणि किती मी सांगता सांगता नीट करून घेतलं, हे मला खरंच ठरवता येत नाही. कोणता किस्सा आधीचा, कोणता नंतरचा, विष चहात होतं की दुधात, असल्या तपशिलांवर माझा भरवसा ठेवू नका. माणसं मात्र खरी आहेत. त्यांची वाक्यंही बहुतेक खरीच असावीत. बहुतेक.

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही हो. कापसाची वेचणी संपली की शेताच्या धुऱ्यावर वाळक्या पऱ्हाट्यांचा ढीग आपोआप लागतो, तसे ते साठतात. वाचणाऱ्यांचं तर असं, की पुस्तकातलं सगळं विसरायला होतं आणि त्यावरून कोण कोणाला काय म्हणालं तेवढं उरतं.

आमचं यवतमाळातलं मंडळ पाच जणांचं. सगळे रहस्यकथा आणि थ्रिलरवाले. महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी कुसुमताईंच्या पोर्चमध्ये जमायचं आणि महिनाभरात काय वाचलं ते सांगायचं. कुसुमताई निवृत्त मुख्याध्यापिका, त्यामुळे मंडळाला नियम आहे. सांगणाऱ्याने शेवटाच्या अलीकडे थांबायचं, पुस्तक मिटायचं आणि म्हणायचं, "ठेवा बोट!" मग प्रत्येकाने खुनी कोण ते सांगायचं. ज्यांचं बोट चुकलं त्यांनी चहाच्या कपबशा आत नेऊन विसळायच्या.

मी आयुष्यभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं. माझा पीएच.डी.चा प्रबंध अनुमानावर आहे. आणि या मंडळात माझं एकही अनुमान कधी बरोबर आलं नव्हतं! कुसुमताईंच्या कोणत्या कपाचा कान तुटलाय, ते मला त्यांच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

सगळे हसायचे. मीही हसायचो. पण आत धसका होता. माझ्या थोरल्या भावाचं डोकं सत्तरीनंतर हळूहळू रिकामं होत गेलं. शेवटी तो मलाच अदबीने विचारायचा, "आपण कोण?" माझीही सत्तरी उलटली होती. त्यामुळे बोट चुकलं की मला वाटायचं, झाली सुरुवात.

*

बाबाराव कळंबकडचे शेतकरी. कापूस, सोयाबीन, तूर. रानडुकरं पीक खातात म्हणून शेतात जागलीला जातात आणि मचाणावर कपाळाला बॅटरी बांधून खुनाच्या कादंबऱ्या वाचतात.

एकदा त्यांनी एक कादंबरी सांगायला घेतली. ऐन मृगात खून होतो आणि खुनी प्रेत तुरीच्या शेतात लपवतो. इथे बाबाराव थांबले. आम्हाला वाटलं, बोट ठेवायची वेळ झाली.

"नाई जी, बोट मंग ठेवा. अगोदर मले सांगा, मिरगात तूर केवढी असते?"

त्यांनी स्वतःच हात फरशीला टेकवून दाखवला.

"पेरली बी नसते! अन् त्यात यानं सहा फुटी माणूस लपवला! अन् पोलीस शेतभर शोधून राह्यले!"

"कथा आहे हो ती," मी म्हणालो.

"कथा असू द्या ना. तूर तं तूरच राहीन ना, सर!"

बरीच मनधरणी केली तेव्हा त्यांनी उरलेलं रागारागात सांगितलं. मी नीट विचार केला. हेतू, संधी, शेताची माहिती, सगळं रखवालदाराकडे जात होतं. मी रखवालदारावर बोट ठेवलं.

बाबारावांनी माझ्याकडे मायेने पाहिलं.

"सर, त्यालेच तं मारलं ना! तोच तं तुरीत पडून आहे!"

*

वानखडे साहेब नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले, पण खुर्चीतून अजून पुरते उठलेले नाहीत. कादंबरीत पंचनामा आला की त्यांचं वाचन थांबतं. "पंच दोन पाह्यजेत, इथं एकच आहे. केस कोर्टात टिकणारच नाई. कायले पुढं वाचू?"

एका रविवारी राठोड गुरुजी एक थ्रिलर सांगत होते. गुरुजी तांड्यावरच्या शाळेतून निवृत्त झालेले, आमच्यातले सगळ्यात फर्डे सांगणारे. बॉम्ब फुटायला थोडाच वेळ उरलेला. हेर धावत सरकारी रेकॉर्ड रूममध्ये शिरतो. तिथला बाबू जुनी फाईल काढून त्याच्या हातात देतो.

"किती वेळात?" वानखडे साहेबांनी विचारलं.

"लगेच."

"अर्ज घेतला?"

"नाही."

"उद्या या, असं म्हणाला?"

"साहेब, तिथं बॉम्ब फुटून राह्यला!"

"फुटू द्या! मागितल्याबरोबर फाईल दिली म्हणता? मंग तो माणूस सरकारी नाईच. नकली बाबू आहे तो. ठेवलं मी बोट!"

आम्ही हसून हसून बेजार. मी गृहमंत्र्यावर बोट ठेवलं, कारण तो सज्जन होता.

बॉम्ब बाबूनेच ठेवला होता.

*

कुसुमताई आधी शेवटचं पान वाचतात. लपवत नाहीत, उलट समर्थन करतात. "मले बीपी आहे. कोण वाचते, कोण मरते, हे समजल्याशिवाय मी जीव लावत नाई कोणाले."

एका महिन्यात पुस्तक सांगायची पाळी त्यांची आली. चष्मा लावून त्या म्हणाल्या, "यात डॉक्टरनं मारलं. आता ऐका."

एकच गलका! बाबाराव म्हणाले, "असं कसं करता ताई, पंगतीत बसल्याबरोबर हात धुवाले पाणी देऊन राह्यल्या!"

"गप बसा. उत्तर माहीत असलं का पेपर कसा काढला ते दिसते."

आम्ही ऐकलं. त्यांनी शिस्तीत सगळं सांगितलं आणि नियम तो नियम, म्हणून शेवटी म्हणाल्या, "ठेवा बोट." तिघांनी मुकाट्याने डॉक्टरवर ठेवलं. मी कंपाउंडरवर.

"सर! मी सुरुवातीलेच डॉक्टर म्हणून सांगतलं ना!"

"तेच तर मला संशयास्पद वाटलं," मी म्हणालो.

त्या दिवशी सगळ्या कपबशा मी एकट्याने विसळल्या.

*

चतुर्थी होती. चिंतामणीचं दर्शन घेऊन निघालेल्या लोकांनी कळंबहून येणारी एसटी भरलेली. त्यातच बाबाराव होते. त्या महिन्यात मंडळाला यायला जमणार नव्हतं, म्हणून त्यांनी बसमधूनच मला फोनवर कादंबरी सांगायला घेतली. बाबाराव फोनवर बोलतात ते दोन शेतं पलीकडच्या माणसाशी बोलल्यासारखं. म्हातारा मालक, दुधात विष, मृत्युपत्र, सगळी बस ऐकत होती.

यवतमाळचा स्टँड आला. कोणीच उतरेना! फोनवर मला कंडक्टरचा आवाज स्पष्ट आला.

"काका, गाडी डेपोत लावाची आहे. लवकर सांगा, बायकोनंच मारला ना?"

"बायकोवर काहून जाता हो?" मागून एक बाई कडाडली. "जावई पाहा ना, जावई! सासऱ्याच्या दुधाची चौकशी करणारा जावई कोणं पाह्यला?"

बाबाराव मला म्हणाले, "सर, ठेवा बोट. पब्लिक खोळंबली!"

मी घाबरून बायकोवर ठेवलं. जावई निघाला. बसमध्ये टाळ्या पडल्या, बहुधा त्या बाईसाठी.

मग ड्रायव्हरचा आवाज आला. "हे फोनवाले काका काय करत होते जी?"

"तर्कशास्त्र शिकवत होते कॉलेजात."

"हां. मंग बरोबर आहे."

*

हा किस्सा लहान आहे. राठोड गुरुजींची आई नव्वदीच्या घरातली, तांड्यावरच राहते. गुरुजी तिला याडी म्हणतात आणि वाचलेलं सगळं बंजाऱ्यांच्या गोरबोलीत तिला सांगतात. एकदा त्यांनी तिला एक विलायती कथा सांगितली. बर्फ पडलेलं, मोठा बंगला, आतून बंद खोलीत मालकाचं प्रेत. पाहुणे दिवाणखान्यात बसलेत, चहा चाललाय, पोलीस प्रश्न विचारताहेत.

याडीने मधेच विचारलं, "रडलं कोण?"

गुरुजींनी पुस्तक पुन्हा चाळलं. कोणीच रडलं नव्हतं.

"मंग खुनी शोधून काय करतं?" याडी म्हणाली. "सगळेच सारखे."

गुरुजींनी हे मंडळात सांगितलं. त्या महिन्यात त्या पुस्तकावर कोणी बोट ठेवलं नाही. माझी सुटका झाली.

*

आता शेवटचा. हा मात्र मला स्वच्छ आठवतो, असं मला वाटतं.

एका सकाळी भाजी घेऊन परत येत होतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलो आणि डावीकडे वळायचं की उजवीकडे, ते सुचेना. काही क्षणच. पण मी पिशवी घेऊन तिथे उभा होतो आणि डोळ्यांसमोर भाऊ होता. घरी येऊन नागपूरच्या मेंदूच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली. मंगळवारची मिळाली. मधे मंडळाचा रविवार होता.

रविवारी मी सांगून टाकलं. "हे शेवटचं बोट. आज चुकलो तर पुढच्या महिन्यापासून येणार नाही. डोकं गेलेल्या माणसाने लोकांवर खुनाचे आरोप करू नयेत."

हे मी हसत म्हणणार होतो. तसं जमलं नाही.

"काय जी सर, असं कायले बोलता?" बाबाराव म्हणाले. "मायं डोक्सं तं पह्यलेपासूनच नाई. मी येतोच ना!"

कोणी हसलं नाही. कुसुमताई म्हणाल्या, "गुरुजी, तुमी सुरू करा."

गुरुजींनी सुरू केलं. थंड हवेच्या ठिकाणचा बंगला, दाट धुकं. एक कापसाचा व्यापारी, शेठ, सकाळी नाहीसा झालेला. दरीच्या कड्यावर त्याची रक्ताने माखलेली शाल. बंगल्यात त्याची बायको, धाकटा भाऊ, मुनीम आणि एक डॉक्टर. काय सांगितलं गुरुजींनी! पोर्चमध्ये धुकं आल्यासारखं वाटलं.

"ठेवा बोट."

बाबारावांनी डॉक्टरवर ठेवलं. वानखडे साहेबांनी पंचनाम्याची चौकशी केली आणि मुनिमावर ठेवलं. कुसुमताई म्हणाल्या, "मायं राहू द्या. पुस्तक मायाच कपाटातलं आहे."

सगळे माझ्याकडे पाहू लागले.

"बायको," मी म्हणालो. "नाही, थांबा. मुनीम. नाही."

"सावकाश, सर," गुरुजी म्हणाले.

मी डोळे मिटले. वर्गात फळ्यावर मांडायचो तसं मनात मांडलं. शालीवर रक्त होतं, पण कड्यावरच्या गवतावर असल्याचं गुरुजी कुठेच म्हणाले नव्हते. म्हणजे शाल नंतर आणून टाकलेली. म्हणजे हे घरातल्याच माणसाचं काम, ज्याला शेठ नसण्यात फायदा आहे त्याचं.

"धाकटा भाऊ," मी म्हणालो.

"पक्कं?"

"पक्कं."

गुरुजी बराच वेळ मिटलेल्या पुस्तकाकडे पाहत राहिले. मग त्यांनी मान वर केली.

"सर, बरोबर!"

आणि त्यांनी शेवट सांगितला. गवतावर रक्त नसल्याचं पोलिसांनाही कसं दिसतं, भाऊ कसा सापडतो, त्याच शालीला कवटाळून तो कसा रडतो, 'दादा, तुझ्याशिवाय मला कोणी नव्हतं' असं कसं म्हणतो. बाबारावांनी उपरण्याने डोळे पुसले. इतका सुंदर शेवट मी दुसऱ्या कोणत्याही रहस्यकथेत ऐकलेला नाही.

"अरे बाप्पा! मानलं सर तुमाले!" बाबारावांनी माझ्या पाठीवर थाप मारली, ती अजून आठवते. वानखडे साहेब न सांगता उठले आणि कपबशा उचलल्या. आत एक कप फुटल्याचा आवाज आला. कुसुमताईंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

मंगळवारी मी नागपूरला ताठ मानेने गेलो. डॉक्टरांनी वार विचारला, वस्तूंची नावं विचारली, उलटे आकडे म्हणायला लावले. मी सगळं सांगितलं आणि न विचारता शालीचंही सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "विसरणं तुमच्या वयाचं आहे, सर. काळजी मात्र वयापेक्षा जास्त आहे. तेवढी कमी करा."

त्यानंतर मी पुन्हा दर महिन्याला चुकत आलो आहे. पण आता कपबशा गुणगुणत विसळतो. ज्याचं एकदा बरोबर आलं, त्याचं डोकं जागेवर आहे, एवढं तर्कशास्त्र मला पुरतं.

याला बरीच वर्षं झाली. यंदा कुसुमताई पुस्तकांचं कपाट आवरायला काढून बसल्या होत्या. त्यात ते पुस्तक दिसलं. मी ते मागितलं.

"हे कायले नेता, सर? याच्यातला खुनी तं तुमाले माहीत आहे."

"म्हणूनच नेतो. स्वतः एकदा वाचावं म्हणतो."

त्यांनी पुस्तक हातात धरून ठेवलं. "वाचता कायले? ठेवून द्या जवळ."

मी घरी आणलं आणि एका बैठकीत वाचलं. शेवटच्या प्रकरणात शेठ हातातली छत्री मिटत बंगल्याच्या दारात येऊन उभा राहतो. त्या पुस्तकात खून झालेलाच नाही.