चांदीची वायर आणि आबांचा करदोडा

चांदीच्या वायरीतून गाणी ऐकणारा अख्ख्या केज तालुक्यात मी एकटाच आहे, असं मध्यंतरी काही दिवस मला वाटत होतं.

मी इथल्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. दोन-चार हातांच्या अंतरात तार तांब्याची असली काय आणि चांदीची असली काय, विजेला काडीचा फरक पडत नाही, हे मी दरवर्षी बारावीच्या पोरांना फळ्यावर सिद्ध करून दाखवतो. (पोरं लिहून घेतात. मी फळा पुसतो.) कॉलेजातून घरी आलो की मात्र मी वेगळा माणूस असतो. घरी माझा रेकॉर्ड प्लेअर आहे, अ‍ॅम्प्लिफायर आहे आणि दोन्ही बाजूंना धान्याच्या कोठ्यांएवढे दोन स्पीकर आहेत. पाहुणे आले की त्यांवर पाण्याचे तांबे ठेवायचे नाहीत, एवढा एकच नियम मी घरात केला आहे. तो कोणी पाळत नाही.

माझं सगळं सुरळीत चाललं होतं. पण पुण्यातल्या एका विक्रेत्याशी फोनवर बोलताना मी त्याला विचारलं, प्लेअर आणि अ‍ॅम्प्लिफायर जोडायला मी साधी वायर वापरतो, चालेल ना? तो हळहळून म्हणाला, "सर, गंगेचं पाणी गटारातून आणताय तुम्ही."

त्यानंतर मला गाण्यात गटारच ऐकू यायला लागलं. शेवटी मी शुद्ध चांदीची वायर मागवली. वायर दिसते कशी, हे मी विचारलं नाही, कारण तो तिच्या आवाजाबद्दलच बोलत होता. किंमत मी बायकोला सांगितली नाही, त्यामुळे तुम्हालाही सांगत नाही.

आता माझ्या सासऱ्यांबद्दल सांगायला हवं. आबा नांदूरघाटचे. दोनदा सरपंच राहिलेले, घरची बागायती, आवाज असा की त्यांना स्पीकरची गरज नाही. त्यांना जावई हवा होता बागायतदार, निदान कंत्राटदार. मुलीनं आणला मास्तर. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ते मला "ओ मास्तर" अशीच हाक मारत. दिवाळीला गेलो तर म्हणायचे, "मास्तर, शाळा बंद हाय काय?" त्यांच्या पंच्याहत्तरीला चांदीचा करदोडा द्यायचा, असं माझी बायको सुनंदा मला कधीपासून सांगत होती. आबांचा जुना करदोडा झिजून सुतळीसारखा झाला होता. बघतो, मागवतो, असं मी म्हणत होतो आणि विसरत होतो. त्यांच्या गुडघ्यासाठी एक पट्टा मात्र मी लक्षात ठेवून मागवला होता. तो पोस्टानं यायचा होता.

पार्सल आलं तेव्हा मी कॉलेजात बारावीच्या पोरांना तारेचा रोध शिकवत होतो. सुनंदानं खोकं उघडलं. आत निळी मखमली पेटी, पेटीवर इंग्रजीत ठळक अक्षरांत 'शुद्ध चांदी', आणि पेटीत पारदर्शक नळीत घातलेल्या, पांढऱ्याशुभ्र चांदीच्या दोन नाजूक विणलेल्या दोऱ्या. टोकांना सोन्याचं पाणी दिलेली बोंडं. तिचे डोळे भरून आले, असं तिनं मला पुढे सांगितलं. नवऱ्यानं न बोलता करदोडा मागवला, तोही एक नाही, दोन पदरी! तेवढ्यात तिचा भाऊ भानुदास बाजार समितीत सोयाबीन टाकून चहाला आला होता. तिनं पेटी त्याच्याबरोबर नांदूरघाटला पाठवून दिली.

संध्याकाळी मी घरात पाय ठेवला तशी ती म्हणाली, "पार्सल आलंय. आबांचं भानुदासबरोबर धाडून दिलं. तुमचं टेबलावर ठेवलंय." ती माझ्याकडे जरा जास्तच प्रेमानं बघत होती. गुडघ्याच्या पट्ट्याचा एवढा आनंद का, हे मला कळलं नाही. पण माझं लक्ष टेबलाकडे होतं. खोक्यात एक काळी, साधीशी वायर होती. मला ती पाहताच आवडली. खरी श्रीमंती अशीच असते, वरून काळी आणि आत चांदी, असं मी मनाशी म्हणालो आणि हात धुऊन ती जोडली.

आणि काय सांगू. एका जुन्या नाट्यगीताची रेकॉर्ड लावली, तर गायक माझ्या दिवाणखान्यात येऊन बसला. तबलजी त्याच्या डाव्या हाताला, जरा मागे. मी हलायला तयार नव्हतो. सुनंदानं भाकरी वाढून हाक मारली, तर मी हातानंच थांब म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टर लोमट्यांना बोलावलं. लोमटे जनावरांचे डॉक्टर. दिवसभर म्हशी तपासतात आणि संध्याकाळी माझ्यासारखेच स्पीकरसमोर बसतात. मी त्यांना आधी जुन्या वायरीनं ऐकवलं, मग नव्या. ते डोळे मिटून ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, गायकानं पान थुंकून मग सूर लावलाय, हे आधी कळत नव्हतं. मी त्यांना दोन सुरांमधल्या अंधाराबद्दल, म्हणजे निव्वळ शांततेबद्दल, समजावून सांगितलं. चांदीशिवाय असा अंधार पडत नाही, असंही सांगितलं. लोमट्यांनी जाता जाता पुण्याच्या माणसाचा नंबर घेतला.

रविवारी आबांची पंच्याहत्तरी होती. मारुतीच्या देवळापुढे मांडव, अख्खं नांदूरघाट जमलेलं, तालुक्याचे पुढारी खुर्च्यांवर. मी नेहमीप्रमाणे मागच्या रांगेत, चपलांच्या शेजारी. सत्कार झाला, फेटे झाले आणि आबांनी माईक हातात घेतला.

"आमचे जावईबापू कुठं हायेत? म्होरं या."

मला वाटलं, धाकट्या, कंत्राटदार जावयाला बोलावतायत. सुनंदानं ढकललं तेव्हा मी उठलो. आबांनी मला शेजारी उभं केलं, सदरा वर केला आणि धोतराच्या वर, कमरेला, माझी वायर गावाला दाखवली.

दोन वेढे दिलेले. पुढं गाठ. गाठीखाली चार बोंडं लोंबत होती, दोनांवर लाल रेघ, दोनांवर पांढरी. डाव्या आणि उजव्या स्पीकरची वायर ओळखू यावी म्हणून तशा रेघा करतात, हे त्या मांडवात फक्त मला माहीत होतं. मला हेही कळलं, की चार दिवस मी जिच्यातून गाणं ऐकत होतो, ती ही नव्हती.

"लई शिकलेला माणूस हाय," आबा माईकवर सांगत होते. "ह्यो करदोडा घामानं काळा पडत न्हाई. वर कवर हाय. परदेशी माल."

पुढाऱ्यांनी येऊन वायर चाचपून पाहिली. एकानं बोंड ओढून पाहिलं, तेव्हा माझा हात आपोआप पुढे झाला. मग आबांनी माईक बाजूला केला आणि मला हळू आवाजात विचारलं, "जावईबापू, ह्याच्यावर बारका बाण काढलाय. तो कावून?"

विद्युतसंकेत कोणत्या दिशेनं न्यायचा हे दाखवायला तो बाण असतो. पण त्या माणसानं मला पहिल्यांदा जावईबापू म्हटलं होतं, तेही माईकवर.

"त्या दिशेनंच गुंडाळायचा," मी म्हणालो. "रक्ताभिसरणाला बरं असतं."

आबांनी तिथंच, सगळ्यांसमोर, करदोडा सोडून उलट्या बाजूनं बांधून घेतला. जरा वेळानं म्हणाले, फरक पडतोय.

केजला परतताना मोटारसायकलवर सुनंदानं विचारलं, आबा एवढे खूश असताना तुम्ही गप्प का? मी तिला सांगितलं. ती मागून म्हणाली, "मंग तुमी चार दिस काय ऐकत होता?"

या प्रश्नाचं उत्तर मी पुण्याला फोन करून मिळवलं. विक्रेता म्हणाला, सर, सोबत एक साधी वायर फुकट टाकली होती, टीव्हीला लावायला. चांदीची कशी वाजतेय? मी म्हणालो, कमाल आहे. आबांना काही सांगायचं नाही, हे सुनंदानं आणि मी न बोलताच ठरवलं. आता मी सासुरवाडीला गेलो की आबा मला शेजारी बसवतात. भानुदासला तसाच करदोडा हवा होता. कंपनी बंद पडली, असं मी त्याला सांगितलं.

एवढ्यावर हे मिटलं असतं, पण गेल्या महिन्यात लोमटे आले. त्यांच्या हातात निळी मखमली पेटी होती. माझं ऐकून त्यांनीही मागवली होती, अस्सल चांदीची. पण घरी तिचा आवाज मनासारखा लागेना, म्हणून माझ्या वायरीशी ताडून बघायला आणली होती. माझी काळी वायर त्याहून वरच्या दर्जाची असणार, असं त्यांनी धरलं होतं. खरं सांगायची ही चांगली संधी होती. मी तोंड उघडलंही, पण तोवर त्यांनी वायर बदलून रेकॉर्ड लावली होती.

आम्ही दोघांनी डोळे मिटून आधी त्यांची ऐकली, मग माझी, मग पुन्हा त्यांची. शेवटी लोमटे पडेल चेहऱ्यानं म्हणाले, "सर, तुमच्या वायरीत जो अंधार आहे, तो माझ्या वायरीत नाही." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, आपण अदलाबदल करायची का?

टीव्हीसाठी फुकट आलेल्या वायरीच्या बदल्यात मला शुद्ध चांदी मिळत होती. मी नाही म्हणालो. यात माझा प्रामाणिकपणा मुळीच नव्हता. मला खरोखरच माझी वायर उजवी वाटली होती.