आश्रुबा सरळ चालले तेव्हा

दिंद्रुडचे आश्रुबा म्हणजे गुरांच्या दवाखान्यातले पशुधन पर्यवेक्षक. बैल चार पावलं चालला, की कुठला पाय दुखतोय ते बाजारातल्या बाजारात सांगणार! आता गंमत बघा, नोकरीच्या शेवटच्या वर्षी एका खोंडानं लाथ घालून त्यांचाच गुडघा मोडला. तो काही नीट सांधला नाही. पण 'लंगडता का?' असं विचारायची गावात कुणाची टाप नव्हती.

पेन्शन चांगली बसली. इतकी, की दरसाल तिच्यातून आयकर कापला जाई. इकडे बायकोला, भामाबाईंना, ऐकू येईना, आणि कानाच्या मशीनचे पैसे काही केल्या जमेनात. तेवीस सालच्या संक्रांतीला भाची मोहिनी आली. ती माजलगावात करसल्लागाराकडं कामाला होती.

"मामा, गुडघ्याचं अपंगत्व चाळीस टक्के भरलं, तर उत्पन्नातून पंचाहत्तर हजार वजा होतेत. मग तुमी पाच लाखांच्या आत येता, अन् तेवढ्यावर कर माफ हाय. औंदा कापलेला सगळा परत!"

"अन् त्यापायी पेन्शन बंद केली तर?"

"न्हाई हो! पेन्शन तुमच्या नोकरीची. ती कुठं जाती?"

भामाबाई नुसत्या हसल्या. हल्ली ऐकू न आल्यानं त्या सगळ्यालाच हसायच्या. ते बघून आश्रुबा म्हणाले, "कधी जायचं सांग."

अंबाजोगाईला तपासणीच्या दिवशी त्यांनी इस्त्रीचं धोतर नेसलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चालून दाखवा." झालं! आश्रुबा दातओठ खाऊन असे ताठ चालले, की जणू वरातीत निघालेत.

मोहिनीनं कपाळाला हात लावला. "मामा, इथं बैल विकायला आणलाय व्हय?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "काका, आता जागच्या जागी गर्रकन फिरा."

आश्रुबा थबकले. व्यापारी लंगडा बैल सरळ हाकून दाखवायचा, तेव्हा आश्रुबा हेच शब्द म्हणायचे; वळताना दुखरा पाय लपत नाही. त्यांना हसू फुटलं. "बाई, तुमी आमच्या बाजारात कधी आलत्या?" म्हणत ते फिरले, गुडघा कचकन वाकला, मोहिनीनं सावरलं.

"दुखतंय," ते म्हणाले. "लई दुखतंय. सात वर्षं झाली."

पंचेचाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र मिळालं. जुलैत मोहिनीनं विवरणपत्र भरलं, पोळ्याच्या सुमारास कर खात्यात परत आला, आणि त्याच आठवड्यात बीडहून मशीन आलं.

ते कानाला लावून भामाबाई बसल्या. आश्रुबा सवयीनं ओरडले, "येतंय का ऐकू?"

"हळू बोला की! शेजारी जमा होतील."

खूश होऊन आश्रुबा चहा करायला उठले. भामाबाईंनी मान वर केली.

"उठताना कण्हताय व्हय तुमी? रोज असंच?"

आश्रुबा परत खाली बसले. "रोज," ते म्हणाले.

"मग चहा मी करते. तवर सांगा सगळं. आता मला ऐकू येतंय."