नऊ नंबरची खोटी खिडकी

इंग्लंडातल्या बाथ शहरात टेकडीवर घरांची ती अर्धगोल रांग अडीचशे वर्षं उभी आहे. पुढून बघाल तर एकसंध राजवाडा. मागून बघाल तर ज्याला जसं सुचलं तशा मोऱ्या, नळ, पत्र्याच्या खोल्या. मागे काय वाटेल ते करा, पुढच्या दगडाला हात लावायचा नाही.

नऊ नंबरची वरची एक खिडकी तर निव्वळ थाप होती. ओळ जुळावी म्हणून बांधणाऱ्याने तिथे नुसता कोनाडा ठेवला आणि त्यात पांढरी चौकट, काळ्या काचा रंगवल्या. दिवसा रस्त्यावरून खरी काचही काळीच दिसते, म्हणून ही फसवणूक बिनबोभाट चालली. त्या घरातला विल्फ टकेट जन्मभर खिडक्यांचं सुतारकाम करत आला. ही खोटी खिडकीही तोच रंगवायचा, आणि रंगवताना बांधणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा.

मग बायकोचं, एनिडचं, खुब्याचं हाड मोडलं. न्हाणीघर शेजारी म्हणून तिला नेमकं त्या भिंतीमागच्या खोलीत ठेवलं. दीड वर्ष समोर कोरी भिंत. एक दिवस ती म्हणाली, "विल्फ, मला वृद्धाश्रमात टाक. तिथे निदान खिडकी असेल."

तिथे खरी खिडकी काढायला विल्फने नगरपालिकेकडे रीतसर अर्ज केला. उत्तर आलं, ऐतिहासिक दर्शनी भाग, बदल होणार नाही.

"अडीचशे वर्षांची भिंत जपायची, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई गेली खड्ड्यात," असं म्हणून त्याने छिन्नी काढली. रंगाचं निमित्त करून परांची बांधली, ताडपत्री टाकली, कोनाड्याची भिंत फोडली आणि खऱ्या काचेची खिडकी बसवली. मापात केसाचा फरक नाही.

पंधरा दिवसांनी रहिवासी मंडळाच्या अध्यक्ष, बारा नंबरच्या हिलरीबाई क्रटवेल, वही घेऊन खाली उभ्या राहिल्या.

"टकेट, यंदा रंग बिघडवलात. काचेत ढग कशाला काढलेत? अगदी खोटं दिसतं. पूर्वीसारखा सपाट काळा मारा. शुक्रवारी नगरपालिकेचा माणूस येतोय."

विल्फच्या तोंडचं पाणी पळालं. काळा मारला तर एनिड जाणार, नाही मारला तर खिडकी.

"जरा हात चुकला, बाई."

एवढ्यात वरची तीच खिडकी खडखडत उघडली.

"हिलरी, तुझ्या गुलाबी चड्ड्या वाळल्या गं. कठड्याआड लपवल्यास खऱ्या, पण घरांची रांग अर्धगोल आहे, इथून सगळं दिसतं. पाऊस येतोय, काढून घे."

पुढच्या बाजूला कपडे वाळत घालायचे नाहीत, हा नियम बाईंचाच. त्या लालबुंद झाल्या. मग पुन्हा वर बघितलं.

"एनिड? मला वाटलं, तुला केव्हाच आश्रमात नेलं."

"नेणारच होते. खिडकी मिळाली म्हणून राहिले."

दोन घरं सोडून राहणाऱ्या बाई दीड वर्षात एकदाही तो जिना चढल्या नव्हत्या. त्यांना लाज वाटली, आणि ती चड्ड्यांची नव्हती. त्यांनी वहीत लिहिलं, 'नऊ नंबर, रंगवलेली खिडकी, तक्रार नाही.'

"शुक्रवारी त्या माणसाबरोबर मीच असेन," त्या विल्फला हळूच म्हणाल्या. "एनिडला सांगा, तेवढा वेळ हलायचं नाही."