नत्थूकाकांच्या वहीतलं ‘नाही’

गुढियारी वस्तीतले नत्थू रामटेके रेल्वेत कीमन होते. रुळाला धरून ठेवणाऱ्या चाव्या बघत, सैल दिसेल तिथं हातोडा मारत ठरलेला पट्टा रोज पायी जायचा आणि यायचा, हे काम त्यांनी एकतीस वर्षं केलं. रिटायर झाल्यावर लोक गाडी घेतात. काकांनी गोल बाजारातून चालायचे नवे बूट आणले.

त्यांची पुतणी रीना वनस्पतिशास्त्र शिकून एका संस्थेत लागली होती. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात ती एक नकाशा घेऊन त्यांच्याकडे आली. विषय होता मैदा नावाच्या एका जंगली झाडाचा. त्याची साल अगरबत्तीच्या धंद्यात लागते. खोड सोललं की झाड उभ्याउभ्या वाळतं, आणि असं सोलून सोलून ते जंगलातून कमी होत चाललं होतं. संस्थेनं जुन्या नोंदींतून हे झाड कुठंकुठं दिसलं ती ठिकाणं गोळा करून नकाशावर ठिपक्यांनी दाखवली, तिथला पाऊस, उन्हाळा, माती, चढउतार कॉम्प्युटरला दिले आणि असंच हवापाणी आणखी कुठं आहे ते विचारलं. उत्तरादाखल गरियाबंदच्या बाजूच्या जंगलात लाल चौकोन उमटले होते. एक चौकोन म्हणजे किलोमीटरभर लांब, तेवढाच रुंद. तिथं झाड खरंच आहे का ते कळलं, तर वाचवायचं कुठं ते ठरवता येणार होतं.

काकांनी चष्मा लावून नकाशा निरखला. “काहून वं, हे जुन्या नोंदीचे ठिपके सारे रोडच्या काठीच काहून हायेत?”

“मोठे बाबा, जिन्होंने लिखा वो गाड़ी से गए थे ना,” रीना म्हणाली. मराठी तिला सगळी समजते, पण हिंदी मुलखात वाढल्यानं उत्तर हिंदीत येतं.

“मंग चालून पाहा लागते.”

“कौन चलेगा?”

“मी रिकामाच तं बसून राहिलो घरी.”

काका बसनं जायचे आणि जंगलाकाठच्या गावात अंजनाबाईंच्या घरी उतरायचे. मोह, तेंदूपानं वेचण्यात जन्म गेलेल्या या बाईंनीच त्यांना झाड ओळखायला शिकवलं: पान बोटांत चोळायचं, चिकट लागलं की मैदा. चौकोनात आडवं चालायचं, मग उभं चालायचं, संध्याकाळी वहीत लिहायचं. चार महिन्यांत बेचाळीस चौकोन झाले. झाड भेटलं पाच ठिकाणी. सदतीस पानांवर ‘नाही’.

प्रकल्पाचे प्रमुख अश्विन सर आकडे पाहून नाराज झाले. “इतनी लाल जगह, और पेड़ नहीं?” काकांसमोरच ते रीनाला म्हणाले, “बुज़ुर्ग आदमी हैं, सब जगह पहुँचे भी होंगे?”

काका घरी येऊन अर्ध्या ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच सरांना फोन केला. “सर, पाहिजे तो चौकोन तुम्ही निवडा. आपण दोघं जाऊ.”

सरांनी निवडला आणि गेलेही. दुपारपर्यंत त्यांचा शर्ट घामानं भिजला होता. काका पुढं जायचे, वळून थांबायचे, पुन्हा निघायचे. मैदाचं झाड कुठंच नव्हतं. एका नाल्याजवळ काकांनी तीन वाळलेली खुंटं दाखवली आणि वहीतलं पान काढलं. लिहिलं होतं: ‘नाही. खुंटं तीन, साल काढलेली. रोड अर्धा किलोमीटर.’

सरांनी वही हातात घेतली. “ये आपने सब में लिखा है?”

“हव, साऱ्याच पानांवर. कुठं खुंट हाये, कुठं तेही नाही राहिलं.”

म्हणजे कॉम्प्युटरनं जागा बरोबर ओळखल्या होत्या. पण साल भरून न्यायला जिथवर टेम्पो पोचतो तिथलं झाड सोलून संपलं होतं, आणि ही गोष्ट कॉम्प्युटरला कुणी सांगितलीच नव्हती. रीनानं रस्त्यापासूनचं अंतर आणि काकांचे सगळे ‘नाही’ घालून नकाशा पुन्हा केला. आता डोंगराच्या आतल्या अंगाला नऊ नवे चौकोन लाल उमटले. काका नऊही ठिकाणी चालले. सात ठिकाणी झाडं होती. एका दरीत साठाच्या वर, आणि खाली कोवळी रोपंही.

त्या दरीतलं खोड कुणी सोलायचं नाही, असा ठराव गावाच्या वनसमितीनं केला. तिथलंच बी आणून गावाशेजारी रोपं धरली. सरांनी अहवालावर आपल्या नावाशेजारी नत्थू रामटेके हे नाव घातलं आणि छापील प्रत स्वतः गुढियारीत आणून दिली.

अंजनाबाई आता गावातल्या चार बायांना घेऊन चौकोन चालतात. यंदा काकांनी आधीच ‘नाही’ लिहिलेल्या एका चौकोनात त्यांना मोठ्या दगडामागं मैदाचं एक झाड दिसलं. काकांना सांगावं की नाही या विचारात त्यांनी दोन दिवस काढले, मग सांगितलं. काका पहिल्या बसनं गेले, पान चोळून पाहिलं. तिथंच दगडावर बसून त्यांनी आपला ‘नाही’ खोडला आणि खाली लिहिलं, ‘एक आहे. अंजनाबाईंनी शोधलं.’ तारीख घातली. मग रीनाला फोन लावला.

“माह्याकडून एक झाड सुटलं होतं वं,” ते म्हणाले. “नकाशात आजच घे ते.”