सहा फुटांचा ठराव

जुन्नरहून नारायणगावकडे जाताना आडवाटेला हिवरपेठ लागतं. तिथल्या ग्रामपंचायतीत सोनीबाई शिपाई होती. तिचा नवरा नळाला पाणी सोडायच्या कामावर होता. तो वारला आणि एक्याण्णव साली त्याच्या जागी तिला घेतलं. कचेरी झाडायची, माठ भरायचे, घरोघर नोटिसा पोचवायच्या. तेरा वर्षं तिनं हे मुकाट्यानं केलं. दोन हजार चार साली तिच्या हातात मोजपट्टी आली, आणि तिथून ती खरी थकत गेली.

हिवरपेठच्या बाजारगल्लीत दोन्ही अंगांना जुनी लाकडी दुकानं, नक्षीचे खांब. दोन-तीन वर्षांत त्यांच्यावर मोबाइलचे, बियाण्यांचे, पार्लरचे फ्लेक्स चढले. खांब दिसेनासे झाले. नवीन ग्रामसेवक तरुण आणि कळकळीचा होता. गल्लीचं जुनं रूप टिकावं म्हणून त्यानं ग्रामसभेत ठराव मांडला. पाटी सहा फुटांहून लांब नको, दोन फुटांहून उंच नको, खांब झाकायचा नाही. सगळ्यांनी हात वर केले. पाट्या मोजायला मात्र एकटी सोनीबाई निघाली.

भर उन्हात दुकानादुकानांतून स्टूल मागून घ्यायचं, वर चढायचं, मोजायचं, आकडा लिहायचा, नोटीस द्यायची. लोक तोंड फिरवायला लागले. हौशीरामच्या हॉटेलात तिला रोज अर्धा कप चहा मिळायचा, तो बंद झाला.

"मावशी, आधी सरपंचाच्या पुतण्याची पाटी मोजा," हौशीराम म्हणाला.

"मोजली की. नोटीसबी दिली."

"मंग?"

"फाडली त्यानं."

हौशीराम हसला आणि त्यानंही तिच्यादेखत नोटीस फाडली.

आठवड्याच्या शेवटी ती मदनलाल शेठच्या कापडदुकानाशी आली. दारावर सागवानी पाटी होती, कोरलेली अक्षरं: 'हस्तीमल मदनलाल कापडवाले'. शेठचे वडील हस्तीमल यांनी दुकान मुलाच्या नावासह थाटलं, तेव्हाची. गल्लीत तिच्याइतकी जुनी पाटी दुसरी नव्हती. सोनीबाईनं दोनदा मोजली. साडेआठ फूट भरली.

ती कचेरीत परतली. "साहेब, ती पाटीच जुनी हाये. तुमी म्हणता ते जुनं रूप तेच की."

ग्रामसेवकानं कपाळ चोळलं. "मला कळतं हो, सोनीबाई. पण एकाला सोडलं की सगळे दारात येतील. द्या नोटीस."

नोटीस पिशवीतच ठेवावी, असं तिच्या मनात आलं. पण नोकरीचा विचार आला, आणि वाद घालायचं त्राणही नव्हतं. तिनं नोटीस दिली. मदनलाल शेठनं चष्मा लावून ती नीट वाचली आणि घडी करून खिशात ठेवली.

"गावाचा ठराव आहे ना? मग पाळायला पाहिजे," एवढंच ते म्हणाले.

चार दिवसांनी ती गल्लीतून चालली होती, तेव्हा सुतार शिडीवरून उतरत होता. पाटी सहा फुटांची झाली होती. 'मदनलाल कापडवाले'. शेठची बायको धापूबाई उंबऱ्यात उभी होती. तिच्या हातात 'हस्तीमल' लिहिलेला तुकडा होता.

"शेठ, असं का केलं?" सोनीबाईच्या तोंडून गेलं.

"दुसरं काय कापणार? धंदा कापला तर गिऱ्हाइकाला कळणार नाही," शेठ म्हणाले आणि आत गेले.

ती तिथंच पायरीवर टेकली.

गल्लीत ठराव पाळणारं ते एकच दुकान निघालं. पुढच्या उन्हाळ्यात ग्रामसेवकाची बदली आंबेगाव तालुक्यात झाली. त्याच्या जागी आलेल्यानं ठरावाची वही उघडलीसुद्धा नाही. पंचायतीची निवडणूक आली आणि उमेदवारांचे फ्लेक्स गल्लीभर आडवे लागले. उरलेसुरले खांबही त्यांच्याआड गेले.

एकदा ती शेठना म्हणालीही, "आता कोन इचारतंय? तुकडा जोडून घ्या की."

"सुतार म्हणतो, सांधा दिसेल," शेठ म्हणाले. "राहू दे आता."

दोन हजार नऊला ती निवृत्त झाली. दुकानासमोरून जाताना ती मान वर करत नसे. धापूबाई मात्र आतून हाक मारायची, "सोनीबाई, पाणी पिऊन जा."

ती थांबायची, पाणी प्यायची. दोघी इकडचंतिकडचं बोलायच्या. पाटीचा विषय कुणीच काढत नसे.